अकरा मिनिटं फुटलेला तलाव

२३ सप्टेंबर २०२३, शनिवार. पहाटे ५ वाजून १९ मिनिटांनी आमच्या वेबसाइटवर नागपूरचा अंबाझरी तलाव फुटला. ५ वाजून ३० मिनिटांनी तो परत जागेवर आला. खरं तर तो जागचा हललाच नव्हता.

पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांसमोर बोलायची वेळ आली की मी या अकरा मिनिटांवर बोलतो. दरवेळी कुणीतरी विचारतं, ‘सर, हे लिहून का नाही ठेवत?’ म्हणून हा खटाटोप. दैनिकाचं नाव लिहीत नाही. नागपूरकरांनी अंदाज बांधू नये अशी विनंती आहे, तरी ते बांधतीलच. त्या रात्रपाळीची जबाबदारी माझ्याकडे होती, तेव्हा चुकीच्या हिशेबात माझाही वाटा आहे. तो पुढे येईलच.

काय घडलं

त्या रात्री शहर आवृत्तीची पानं पावणेएकला सुटली. मी अडीचच्या सुमारास घरी पोचलो तेव्हा पावसाने जोर धरला होता, पण सप्टेंबरातला पाऊस म्हणून मी पांघरूण ओढलं आणि फोन सायलेंटवर टाकला. पुढच्या काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला. अंबाझरी आधीच भरलेला. सांडव्यावरून, म्हणजे तलाव भरल्यावर जादा पाणी जिथून बाहेर पडतं तिथून, सुटलेलं पाणी नाग नदीच्या पात्रात मावेना. ते अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, शंकरनगर या भागांत, माणसं झोपेत असताना, घरात शिरलं. सीताबर्डीच्या मोरभवन स्थानकात बसगाड्या पाण्यात उभ्या होत्या. उजाडल्यावर आपत्ती दलाच्या आणि लष्कराच्या तुकड्या बोटी घेऊन वस्त्यांत फिरत होत्या.

शहराची त्या वर्षातली सगळ्यात मोठी बातमी, आणि शनिवारच्या अंकात तिची एक ओळ नाही. अंक छापून गाड्यांत चढला होता. पहाटे चारपासून वाचकाशी आमचा जो काही संबंध होता तो वेबसाइट आणि मोबाइल ॲप एवढाच, आणि या दोन्हींवर त्या वेळी एक मुलगी बसली होती. तिला इथे प्रशिक्षणार्थीच म्हणतो. वय २३, गोंदियाकडची, जनसंवादात एम. ए., आमच्याकडे पाच महिने झालेले. पहाटेची पाळी ती भाड्याच्या खोलीतून करायची. त्या दिवशी वीज गेलेली, लॅपटॉपची बॅटरी अर्धी, इंटरनेट फोनवरून घेतलेलं.

५ वाजून १२ मिनिटांनी वार्ताहरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज आला: ‘अंबाझरी फुटलं’. सोबत २३ सेकंदांचा व्हिडिओ. अंधार, कुणाच्या तरी गच्चीवरून घेतलेला, खाली रस्त्यावर पाण्याचा लोंढा, एक मोटारसायकल आडवी होऊन वाहत जाते आणि मागून बाईचा आवाज येतो, ‘देवा रे, गाडी गेली ना जी.’ मेसेज टाकणारा आमचाच माणूस होता, पण व्हिडिओ त्याने काढलेला नव्हता. तोही त्याला कुणीतरी पाठवलेला.

तिने मला दोनदा फोन लावला. मी झोपलो होतो. ग्रुपवर तिने ‘कन्फर्म?’ असं विचारलं, त्यावर एकाने अंगठा दाखवला. तो अंगठा ‘हो’ म्हणून होता की ‘पाहिलं’ म्हणून, हे त्यालाही नंतर सांगता आलं नाही. ५.१९ ला बातमी लागली: ‘अंबाझरी तलाव फुटला, नागपुरात हाहाकार’. त्याच मथळ्याचं नोटिफिकेशन ॲपवरून सगळ्यांच्या फोनवर गेलं.

मला उठवलं ते भाऊंनी. भाऊ म्हणजे माझे पहिले मुख्य उपसंपादक. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झालेले, अंबाझरीच्या खालच्या अंगाला राहतात. माझा फोन लागेना म्हणून त्यांनी घरच्या मंडळींच्या फोनवर केला.

‘तुह्या पेपरानं तलाव फोडला ना बे.’

‘काय भाऊ?’

‘फुटला नाही. सांडव्यावरून चाललं पाणी. फुटला असता तर मी तुले फोन कराले उरलो असतो का?’

५.३० ला मथळा बदलला: ‘अंबाझरी ओसंडला; सखल भागांत पाणी’. नोटिफिकेशन मात्र परत घेता येत नाही. गेलेलं गेलं.

एका शब्दाने काय होतं

दुपारपर्यंत मला वाटत होतं, फार मोठं काही झालं नाही. पूर आलाच होता, लोक संकटात होतेच, शब्द थोडा जड पडला एवढंच. संध्याकाळी एका वाचकाचा मेल आला तेव्हा ते ‘एवढंच’ घशात अडकलं.

गृहस्थ शंकरनगरच्या बाजूला तळमजल्यावर राहतात. घरात ऐंशी ओलांडलेली आई. पाणी घोट्यापर्यंत आलं तेव्हा वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी हाक मारली होती, आजीला वर आणा म्हणून. तेवढ्यात त्यांच्या मुलाच्या फोनवर आमचं नोटिफिकेशन वाजलं. तलाव फुटला म्हटल्यावर कोण वर जाईल? त्यांनी आईला उचललं आणि ते बाहेर पडले. उंच भागाकडे जायचं म्हणून. कोपऱ्यावर कमरेइतकं पाणी होतं. एका अनोळखी मुलाने हात दिला म्हणून सगळे निभावले. आजींच्या पायाला लागलं, बाकी ठीक.

ओसंडला म्हटलं की माणूस जिना चढतो. फुटला म्हटलं की घर सोडून पळतो. त्या पहाटे पहिली गोष्ट बरोबर होती आणि आम्ही त्यांना दुसरी करायला लावली.

मी त्यांना फोन केला. माफी मागितली. ते चिडले नाहीत, त्याचाच जास्त त्रास झाला. त्यांनी एकच विचारलं, ‘तुमच्यापैकी कुणी तलावावर गेलं होतं का?’

कुणीच गेलं नव्हतं.

याला आणखी एक बाजू आहे, ती मला बऱ्याच उशिरा दिसली. तलाव फुटला म्हटलं की दोष बांधावर जातो. १८७० सालचा मातीचा बांध, म्हातारा झाला, गेला, विषय संपला. ओसंडला म्हटलं की विचारावं लागतं, पाणी सांडव्यातून बाहेर पडल्यावर पुढे वाट का मिळाली नाही? त्या वाटेत काय काय उभं आहे? नदीचं पात्र कुठे आवळलं? पुढच्या काळात सांडव्यापुढच्या विवेकानंद स्मारकाचा वाद उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला तो याच प्रश्नातून. आमचा मथळा तसाच राहिला असता, तर पुढच्या सगळ्या बातम्या आम्ही चुकीच्या दाराशी उभं राहून लिहिल्या असत्या.

तिला काय माहीत होतं

सोमवारी आम्ही बसलो. मुलगी रडली वगैरे नाही. वही काढून तिने स्वतःच मिनिटांचा हिशेब मांडला. वरच्या तपशिलातला बराचसा भाग तिच्या त्या वहीतला आहे.

मी तिला विचारलं, सांडवा म्हणजे काय? तिला शब्द माहीत होता, वस्तू माहीत नव्हती. गंमत म्हणजे दीड महिन्यापूर्वी तिनेच एका फोटोला ओळ दिली होती: ‘अंबाझरी ओव्हरफ्लो, तरुणाईची गर्दी’. दर पावसाळ्यात नागपूरच्या सगळ्या पेपरांत येतो तो फोटो. पण ज्या ‘ओव्हरफ्लो’वर पोरं सेल्फी काढतात तोच सांडवा, आणि तिथलंच पाणी पुढे नाग नदीतून शहराच्या पोटातून जातं, हे तिला कुणी दाखवलं नव्हतं. ती अंबाझरीला एकदाच गेली होती, मैत्रिणीसोबत, भुट्टा खायला.

मग मी जरा आगाऊपणा केला. विचारलं, एम. ए. ला गेटकीपिंग, म्हणजे कुठली बातमी आत घ्यायची हे कोण आणि कसं ठरवतं, ते होतं ना? होतं म्हणाली. कुर्ट लेविन, मग डेव्हिड मॅनिंग व्हाइट, १९५० चा तो वायर एडिटरचा, म्हणजे वृत्तसंस्थांच्या बातम्या निवडणाऱ्याचा अभ्यास, आलेल्या बातम्यांपैकी तो काय घेतो, काय टाकतो, का टाकतो. उत्तर छान लिहिलं होतं, गुणही चांगले पडले होते. आणि मग ती म्हणाली, ‘पण सर, त्या दिवशी गेटवर मीच होते, रस्त्यावरही मीच होते, आणि छापणारीही मीच.’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आम्ही कसे शिकलो

भाऊंच्या पिढीच्या आधीचे लोक शिकले ते लिहून आणि एखाद्या संपादकाच्या सावलीत बसून. ग. त्र्यं. माडखोलकर पुण्याच्या ‘ज्ञानप्रकाश’मधून १९२४ साली नागपूरच्या ‘महाराष्ट्र’मध्ये आले आणि १९४४ ते १९६७ ‘तरुण भारत’चे संपादक होते. पत्रकारितेची पदवी घेऊन आले नव्हते, साहित्यिक म्हणून आले होते. त्या काळी अग्रलेख हा पेपरचा प्राण. तलाव किती फुटांनी भरला हे आतल्या पानावर.

शिकवण्याची सोय नागपुरात बरीच लवकर झाली. हे शहर मध्य प्रदेशाची राजधानी होतं तेव्हा, १९५२ साली, हिस्लॉप महाविद्यालयात पत्रकारितेचा विभाग उघडला. अमेरिकेतल्या सिराक्यूज विद्यापीठाचे प्राध्यापक रोलंड वोल्स्ली त्यासाठी आले होते. कलकत्ता, मद्रास, म्हैसूर अशी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी ठिकाणं सोडली तर देशात दुसरीकडे वर्ग नव्हता. तरी पुढची कित्येक वर्षं नागपूरच्या संपादक मंडळींचा सूर एकच: पत्रकार जन्मावा लागतो. भाऊ स्वतः कुठल्या वर्गात बसले नाहीत. मी बसलो. बी. जे., म्हणजे पत्रकारितेची पदवी, केली आणि १९९३ ला त्यांच्या हाताखाली लागलो. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, ‘बी. जे. मंजे? बातमी जाळणारा?’

१९५५ च्या श्रमिक पत्रकार कायद्यात पत्रकार कोणाला म्हणावं याची यादी होती. संपादक, अग्रलेख लिहिणारा, उपसंपादक, वार्ताहर, व्यंगचित्रकार, छायाचित्रकार, आणि शेवटी मुद्रितशोधक. म्हणजे प्रूफरीडर कायद्याने पत्रकार होता. आमच्याकडचे मुद्रितशोधक निवृत्त शाळामास्तर होते. ‘मृत्युमुखी’तला ‘त्यु’ ऱ्हस्व, हे त्यांनी मला तेरा वेळा सांगितलं असेल. पण एका रात्री प्रूफ घेऊन ते माझ्या टेबलाशी आले ते शुद्धलेखनासाठी नव्हे. ‘बाबू, पिवळी नदी उत्तर नागपुरातून वाहते. तू तिला महालात आणलंस. तिथे नाग नदी आहे.’ मी मान खाली घालून दुरुस्त केलं. ती चूक कुणाला कळली नाही आणि मी जन्मात ती पुन्हा केली नाही.

वार्ताहर, मुख्य वार्ताहर, उपसंपादक, मुख्य उपसंपादक, डीटीपी ऑपरेटर, मुद्रितशोधक, पान लावणारा. बातमी सात जणांच्या नजरेखालून जायची. ऑपरेटरसुद्धा टाइप करता करता म्हणायचा, ‘साहेब, हा माणूस तर परवाच्या बातमीत मेला होता.’

आणि २३ नोव्हेंबर १९९४. हिवाळी अधिवेशन सुरू होतं. गोवारी समाजाचा मोर्चा, चेंगराचेंगरी. ११४ माणसं गेली, त्यात बाया आणि लेकरं जास्त. मला दीड वर्ष झालेलं. संध्याकाळपासून आकडे येत होते आणि कुठलाच आकडा दुसऱ्याशी जुळत नव्हता. कार्यालयात लोक आकडे ओरडत होते. भाऊंनी टेलिप्रिंटरच्या कागदाचा एक लांब तुकडा फाडला, पाठकोरी बाजू वर केली, तीन रकाने आखले आणि मला फोनपाशी बसवलं. ‘आकडा. कोनं सांगतला. किती वाजता. हे तीन भरल्याशिवाय माह्याकडे याचं नाही.’ रात्रभर मी तेवढंच केलं. बातमीचं एक वाक्यही मी लिहिलं नाही. पण आकडा हा नेहमी कुणाचा तरी असतो, कुठल्या तरी वेळेचा असतो, हे त्या कागदाने शिकवलं. मिटलेल्या घड्यांसकट तो कागद बरीच वर्षं माझ्या ड्रॉवरमध्ये होता. कार्यालय बदललं तेव्हा गेला.

पण तेव्हाही

आता इथवर वाचून कुणी म्हणेल, जुनं ते सोनं. मला तसं म्हणायचं नाही.

ती सात माणसांची साखळी होती तेव्हा आमच्या रात्रपाळीत एकही बाई नव्हती. ही मुलगी त्या काळात आमच्या दारातून आतच आली नसती. तालुक्याच्या वार्ताहराला महिन्याकाठी जे मिळायचं त्यात त्याचा पोस्टाचा खर्च निघेना. फाटक राखणारे जेव्हा एकाच वळणाचे असतात तेव्हा फाटक कुणासाठी उघडत नाही, याचा दाखला तर फार जुना आहे: ३१ जानेवारी १९२० ला डॉ. आंबेडकरांनी ‘मूकनायक’ सुरू केलं, तेव्हा पैसे मोजायची तयारी असूनही ‘केसरी’ने त्याची जाहिरात छापली नाही.

आणि साखळी चुकायची. १९९६ साली मी एका जिवंत गृहस्थांना सात जणांच्या साक्षीने श्रद्धांजली वाहिली आहे. नामसाधर्म्य. ते स्वतः पेढे घेऊन कार्यालयात आले होते.

आणखी एक गोष्ट मुलीच्या बाजूने सांगायला हवी. ३० जुलै १९९१ ला वर्धा नदीच्या पुराने नरखेड तालुक्यातलं मोवाड गाव उद्ध्वस्त केलं. २०४ बळी. भाऊ सांगतात, पहिला निरोप आला तो असा: ‘मोवाड वाहून गेलं.’ डेस्कवर बसलेल्यांना वाटलं, गावाकडचा माणूस आहे, वाढवून बोलतो. भाऊंनाही वाटलं. तो निरोप अक्षरशः खरा निघाला. म्हणजे खुर्चीत बसून ‘अतिशयोक्ती’ असा शिक्का मारणं ही पण चूकच. तिने ‘फुटलं’ हा शब्द खोटा मानला असता आणि तो खरा निघाला असता तर? हा प्रश्न तिने सोमवारी विचारला होता. भाऊंना मी तो सांगितला तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘म्हणूनच तं जावं लागते ना.’

पण पहाटे पाचला, कमरेइतक्या पाण्यातून, एकट्या मुलीने जायचं कुठे? तिला जायची गरज नव्हती. महापालिकेचा नियंत्रण कक्ष, अग्निशमन दल, तलावाजवळ राहणारा एक ओळखीचा माणूस. तीन फोन. तिच्याकडे यांपैकी एकही नंबर नव्हता. ते माझ्या फोनमध्ये होते, तीस वर्षांत साठलेले, आणि माझा फोन सायलेंटवर होता. मला विचाराल तर या प्रकरणातली मूळ चूक ही. बाकी सगळं तिच्यातून आलेलं.

नंतर

दुरुस्तीवरून वाद झाला. वरचं म्हणणं, मथळा बदलला आहे, आता ते उकरू नका. छापील अंकात चूक आलीच नव्हती, मग अंकात खुलासा कशाला? मी हट्ट धरला म्हणून वेबसाइटवर तीन ओळी लागल्या: ५.१९ ते ५.३० या वेळेत दिलेलं वृत्त चुकीचं होतं, तलावाचा बांध फुटलेला नाही, वाचकांना झालेल्या त्रासाबद्दल दिलगिरी. लागल्या तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते. वाचल्या किती जणांनी ते विचारू नका.

मुलीला काढून टाकायची भाषा एका बैठकीत झाली. ती वेळ टळली.

दोन गोष्टी आम्ही सुरू केल्या. नव्याने येणाऱ्याला पहिले चार दिवस बातमी लिहायला द्यायची नाही, शहर दाखवायचं. अंबाझरीचा सांडवा, नियंत्रण कक्ष, मेडिकल रुग्णालयातली पोलिस चौकी, शवविच्छेदनगृहाच्या बाहेरचा बाक. जिथे जाईल तिथला एक नंबर आणि एका माणसाचं नाव घेऊनच परत यायचं. दुसरी गोष्ट, शब्दांची वही. फुटला आणि ओसंडला. बेपत्ता आणि मृत. संशयित, आरोपी, दोषी. गंभीर आणि अत्यवस्थ. प्रत्येक जोडीपुढे लिहायचं, हा शब्द वाचून घरातला माणूस काय करेल? व्याकरणासाठी नाही, त्यासाठी.

नोटिफिकेशन सोडण्याआधी दुसऱ्या माणसाचा आवाज ऐकायचा, अंगठा चालणार नाही, असाही नियम केला. दोन महिने पाळला. डिसेंबरात अधिवेशन सुरू झालं, एकाच दिवसात पत्रपरिषदांची रांग लागली आणि नियम सैल झाला. अजून सैलच आहे. चार दिवसांची फेरीही आता दोन दिवसांवर आली आहे, कारण माणसं कमी आहेत आणि पहिल्या दिवसापासून ‘आउटपुट’ हवं असतं.

वही मात्र चालू आहे. मुलगी वर्षभराने पुण्याला गेली, दुसऱ्या माध्यमसमूहात, पगार बरा आहे. मागच्या पावसाळ्यात एका रात्री तिचा फोन आला. तिकडे धरणातून पाणी सोडत होते आणि कार्यालयात कुणीतरी मथळा दिला होता, ‘धरणाचे दरवाजे उघडले, शहराला धोका’. तिला विचारायचं होतं, ‘विसर्ग’ आपल्या वहीत आहे का, आणि त्यापुढे आपण काय लिहिलंय.

नव्हता. म्हटलं, किती क्युसेक सोडताहेत, कुणी सांगितलं, किती वाजता, हे आधी घे. ‘घेतलंय,’ ती म्हणाली. ‘अभियंत्याशी बोलले. आत्ता ११ वाजून ४० मिनिटं झालीत. तुम्ही फक्त वहीत शब्द घाला.’